फालोंबेची तूर

गावातल्या पहिल्याच बैठकीत, आंब्याच्या झाडाखाली, मला विचारलेला पहिला प्रश्न हा होता : "तुमच्या देशानं आमचं नांदोलो घेणं का बंद केलं?"

नांदोलो म्हणजे तूर. दिवस ऑक्टोबर 2018 चे. गाव दक्षिण मलावीतल्या फालोंबे जिल्ह्यातलं, समोर मुलांजेचा प्रचंड डोंगर. त्याचं सापित्वा हे शिखर 3,002 मीटर उंच आहे आणि पावसाळ्यात ते दिवसचे दिवस दिसत नाही. मी लातूर जिल्ह्यातल्या तूर पिकवणाऱ्या घरातली मुलगी. कृषी पदवी झालेली, चार वर्षं गावोगाव शेतीशाळा घेतलेली, आणि आता एका स्वयंसेवी संस्थेमार्फत अकरा महिन्यांसाठी इथे आलेली. चिचेवा भाषेचे तीन आठवड्यांचे धडे गाठीशी होते. त्या धड्यांत "पाणी कुठे मिळेल" होतं, "मला बरं वाटत नाही" होतं. या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

उत्तर मला माहीत होतं. 5 ऑगस्ट 2017 ला भारत सरकारनं तुरीच्या आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. फालोंबेत त्या वेळी तुरीची काढणी चालू असते. व्यापारी आलेच नाहीत, आणि जे आले त्यांनी मातीमोल भाव सांगितला. काही बायांनी तूर झाडावरच सोडून दिली होती. मी दुभाष्याकरवी एवढंच सांगितलं, की आमच्याकडे त्या वर्षी तूर फार पिकली होती. जे सांगितलं नाही ते मनात टोचत राहिलं. 2017 च्या उन्हाळ्यात माझे बाबा खरेदी केंद्रापुढे ट्रॅक्टर लावून नऊ दिवस रांगेत बसले होते. हमीभाव बोनस धरून 5,050 रुपये क्विंटल, पण बारदाना संपलेला आणि माप बंद. घरात रोज एकच वाक्य ऐकू यायचं, "भाईरून तूर आणतेत म्हणून आपली ही गत." आणि आयात थांबल्याची बातमी आली त्या दिवशी आमच्या घरी गोडाचं केलं होतं.

माझी राहायची सोय एका आजींच्या अंगणातल्या खोलीत होती. आजीला तिथे 'आगोगो' म्हणतात, आजोबांनाही तेच. त्यांना नावानं हाक मारायची नाही, आणि बोलताना जरा गुडघ्यात वाकायचं. हे मला जमायला वेळ लागला नाही, कारण आमच्याकडेही वाकूनच बोलायची रीत. खोलीवर पत्रे होते, खाली शेणामातीनं सारवलेली जमीन, आणि मच्छरदाणी. दिवस साडेचारला सुरू व्हायचा, तो कोंबड्याच्या आरवण्याआधी खराट्याच्या आवाजानं. प्रत्येक घरासमोरचं अंगण रोज झाडलंच पाहिजे. न झाडलेलं अंगण म्हणजे घरात कुणी आजारी आहे, असं लोक समजतात. तिसऱ्या दिवशी मी उशिरा उठले तर शेजारच्या दोघी विचारपूस करायला आल्या. त्या दिवसापासून खराटा मी हातात घेतला.

मग बोअरवर, म्हणजे म्जिगोवर, पाण्याची रांग. बादल्या रांगेत ठेवायच्या आणि बायांनी कडेला बसायचं. कुणी भेटलं की आधी "म्वाद्झुका ब्वांजी?", कशा उठलात? मग "न्दाद्झुका ब्विनो, काया इनू?", मी बरी उठले, तुम्ही? हे झाल्याशिवाय कामाचं एक अक्षर बोलायचं नाही. सुरुवातीला मला घाई असायची. पुढे कळलं, की याच दोन वाक्यांत कुणाचं मूल रात्रभर तापलं, कुणाच्या घरातलं पीठ संपलं, ते आवाजावरून समजतं. माझी शेतकऱ्यांची खरी यादी त्या रांगेत तयार झाली.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात काम एकच, वरंबे धरणं. बैल नाहीत, ट्रॅक्टर नाही. 'खासू' नावाचं आखूड दांड्याचं कुदळीसारखं अवजार घेऊन कमरेत वाकून, मागच्या वर्षीचा वरंबा फोडून त्याच्या सरीत नवा घालायचा. दोन वरंब्यांत 75 सेंटिमीटर. एका एकराला घरातल्या दोन माणसांचे कित्येक दिवस जातात. पहिल्या आठवड्यात माझ्या तळव्यांना फोड आले आणि फुटले. आगोगोंनी काही न बोलता कापडाची चिंधी बांधून दिली आणि परत खासू हातात दिलं. मी बांधावर उभी राहून सांगणारी नाही, हे गावाला कळायला त्या फोडांचा मोठा उपयोग झाला.

संस्थेच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता : जमीन कुणाच्या नावावर. गटातल्या बावीस बायांना तो प्रश्न नीट कळेना. नावावर म्हणजे काय? जमीन आईची, तिच्या आईची, पुढे लेकींची. लग्न झालं की नवरा बायकोच्या गावात राहायला येतो. कुणाचं रान कुठे संपतं हे गावच्या मुखियाला, म्हणजे म्फुमूला, ठाऊक असतं. शब्द चालतो तो मामाचा, हे खरं, आणि सगळं कष्टाचं काम बायांच्याच अंगावर असतं, हेही खरं. तरी मी तो रकाना भरताना थबकले. माझ्या आईनं तीस वर्षं आमच्या रानात खुरपलं, वेचलं, रात्री पाणी धरलं. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. त्या रात्री घरी फोन लावून मी बाबांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि तिथं बी तूरच का माय?"

तूरच. मक्याच्या वरंब्यावरच, मक्याच्या दोन ठोंब्यांच्या मध्ये. मका एप्रिल-मेमध्ये निघतो, तूर मागे उभी राहते. गळलेल्या पाल्यानं जमिनीला नत्र मिळतं, वाळलेल्या तुराट्या सरपणाला होतात. ज्या घराला सरकारी सवलतीच्या खताचं कूपन मिळालं नाही, त्याच्या रानाला तुरीचाच आधार. हे सगळं मला पाठ होतं आणि त्याच भरात मी चूक केली.

संस्थेनं दिलेलं सुधारित बियाणं माझ्याकडे होतं. टपोरा दाणा, मर रोगाला दाद न देणारं, पण उशिरा येणारं. गटातल्या बाया म्हणत होत्या, आम्हाला 'म्थावाजुनी'च हवं. त्या गावठी वाणाच्या नावाचा अर्थ जूनमधून पळून जाणारा. मी समजावलं, की त्याचा दाणा लहान, त्यावर मर येते, तक्ते दाखवले, शेंगा मोजून दाखवल्या. बावीसपैकी आठ जणी तयार झाल्या. आगोगोंनी घरामागे एकच ओळ लावली, माझ्या शब्दाखातर. म्थावाजुनीच का, हे मी विचारलं नाही. जूनमधून पळून जायची गरज का पडते, हा साधा प्रश्न मला सुचला नाही.

डिसेंबरात आंबे संपले आणि जानेवारीत गावाचा आवाज बदलला. पहिल्या पावसाचं पीक गुडघ्याएवढं, घरातलं मागचं धान्य संपलेलं. जानेवारी ते मार्च हा तिथे उपासमारीचा काळ. ज्यांच्या घरी पीठ नाही ते 'गान्यू'ला जातात, म्हणजे दुसऱ्याच्या रानात उक्त्या कामाला, पैशासाठी किंवा सरळ पिठासाठी. ज्या आठवड्यात स्वतःच्या मक्याला खुरपणी हवी असते, नेमक्या त्याच आठवड्यात. माझ्या गटात नऊ जणी सकाळी गान्यूला आणि दुपारनंतर आपल्या रानात यायच्या. मी खुरपणीच्या वेळेचं महत्त्व सांगणारी तयार टिपणं पिशवीतच ठेवली. कुणाला काय सांगायचं होतं? वेळ त्यांना माझ्याहून नीट माहीत होती. मी त्या दिवसांत फक्त ज्यांच्या रानात हात कमी होते तिथे खासू घेऊन जायचे.

जेवण दोनदाचं एकदा झालं होतं. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, पळीनं थापून थापून ताटलीत रचलेला. आधी लहान मूल सगळ्यांच्या हातांवर पाणी घालतं, मग उजव्या हातानं तोडून खायचं. तोंडी लावायला 'न्दिवो'. चिल्वा तळ्याचं पाणी त्या साली बरंच ओसरलं होतं, त्यामुळे सुकी मासळी महागलेली. पण भोपळ्याची कोवळी पानं होती. त्यांच्या शिरा सोलून, शिजवून, त्यात शेंगदाण्याचं कूट. पहिला घास घेतला आणि माझे डोळे भरून आले. चव अगदी आईच्या हातच्या कूट घातलेल्या पालेभाजीची, फक्त मिरची नव्हती. आगोगोंना वाटलं भाजी बिघडली. मी चिचेवात जेवढं येत होतं तेवढं सांगितलं, "माझी आई. असंच."

मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, अळी दिसली ती त्याच सुमाराला. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. अमेरिकन लष्करी अळी आफ्रिकेत 2016 मध्ये आली आणि मलावीतल्या बाया तिला ओळखत होत्या. मी फोटो बाबांना पाठवला. त्यांनी उलट मला फोटो पाठवला. तीच अळी, 2018 मध्येच कर्नाटकातून आपल्याकडे शिरलेली. बाबांना औषधाचं नाव हवं होतं. फालोंबेत औषध घ्यायला पैसे नव्हते म्हणून बाया पहाटे पोंगे उघडून अळ्या चिरडत होत्या आणि पोंग्यात चिमूटभर माती-राख टाकत होत्या. मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी चाऱ्यासाठी लावलेल्या दहा गुंठे मक्यात आईनं ते करून पाहिलं, आणि लहान प्लॉटमध्ये उपयोग झाला असं कळवलं. अकरा महिन्यांत माझ्यामार्फत एका रानातून दुसऱ्या रानात नीट पोचलेलं पहिलं ज्ञान ते, आणि ते फालोंबेतून लातूरकडे गेलं.

फेब्रुवारीत मला मलेरिया झाला. सहा दिवस. आगोगोंनी रात्री खोलीबाहेर चटई टाकली होती, एवढंच लिहिते.

मार्च 2019 च्या पहिल्या आठवड्यात पाऊस सुरू झाला तो थांबेना. डोंगरावरून पाणी लाल होऊन खाली आलं. नदीकाठचे वरंबे आडवे होऊन वाहून गेले, मातीच्या भिंती बसल्या. रात्री भिंत बसते त्याचा आवाज फार मोठा नसतो, पोतं टाकल्यासारखा. शाळेत लोक आले, वर्गात चुली पेटल्या. हाच कमी दाबाचा पट्टा पुढे समुद्रात जाऊन इडाई चक्रीवादळ झाला आणि 14 मार्चच्या रात्री मोझांबिकच्या बैराला धडकला, हे नंतर रेडिओवर कळलं. आमच्या गटात चौघींचा मका पूर्ण गेला. तूर मात्र उंचवट्यावरच्या रानात टिकली. बुडात पाणी साचलं तिथे पिवळी पडून मेली.

मेमध्ये उरलासुरला मका घरात आला आणि सकाळी उठून पाहते तो शेळ्या मोकळ्या. सगळ्या गावाच्या. मका निघाला की राखण संपते, जनावरं सोडतात, राखणारी मुलं शाळेत जातात. ही तिथली पूर्वापार रीत. म्थावाजुनीच्या शेंगा तोपर्यंत भरत आलेल्या असतात, घरातली पोरं दोनतीन आठवडे राखली की पीक पदरात पडतं. माझं सुधारित वाण मात्र आता कुठे फुलात आलं होतं. त्याला ऑगस्टपर्यंत राखायचं कुणी? आठपैकी पाच जणींची तूर शेळ्यांनी शेंड्यापासून खाल्ली. एकीच्या रानात काड्या उरल्या. ती मला म्जिगोवर भेटली, नेहमीसारखं "म्वाद्झुका ब्वांजी" म्हणाली, आणि मला उत्तर देता येईना.

मी म्फुमूकडे गेले. रिकाम्या हातानं जायचं नसतं म्हणून साखरेचा पुडा नेला. सगळं सांगितलं आणि चूक माझी आहे हेही सांगितलं. त्यांनी बैठक बोलावली. दोन तास बोलणं चाललं. शेवटी ठरलं की पुढच्या वर्षीपासून ऑगस्टअखेरपर्यंत शेळ्या बांधून ठेवायच्या, सुटलेल्या शेळीच्या मालकाला एक कोंबडी दंड. ज्यांचं नुकसान झालं त्यांना गटाच्या 'बँकी म्खोंडे'तून बिनव्याजी कर्ज मिळालं. खोंडे म्हणजे ओसरी, ओसरीवरची बँक, आपल्या बचत गटासारखीच. तीन कुलपांची पेटी आणि तीन घरांत तीन किल्ल्या. त्या कर्जात माझ्या भत्त्यातले पैसे मी घालू पाहत होते, तर खजिनदार बाईंनी नको म्हणून सांगितलं. गटाचा नियम होता, सभासदाचेच पैसे. मग मी सभासद झाले.

जूनमध्ये 'चिपेरोनी' आली. मोझांबिककडून येणारं थंड धुकं आणि त्यातला बारीक भुरभुर पाऊस, चारचार दिवस. मुलांजे दिसेनासा झाला. याच ओलीवर तुरीची शेंग भरते. आगोगोंनी हिरव्या शेंगा मीठ घालून उकडल्या आणि आम्ही चुलीशी बसून सोलून खात होतो. लातूरला डिसेंबरात, रानातल्या आगटीशेजारी, आम्ही अगदी अशाच खातो. तेव्हा मी त्यांना ते सांगितलं. बाबांची रांग, नऊ दिवस, बाहेरच्या तुरीवरचा आमच्या घरातला राग, आणि आयात बंद झाली त्या दिवशी केलेलं गोडाचं. माझी चिचेवा तोवर एवढं सांगण्यापुरती झाली होती. सांगताना मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

आगोगो शेंग सोलत राहिल्या. मग विचारलं, "मग त्यांची तूर गेली का शेवटी?"

"गेली. नवव्या दिवशी."

"बरं झालं," म्हणाल्या आणि सोललेले दाणे माझ्या ताटलीत सरकवले.

जुलैअखेर विक्रीची वेळ आली. व्यापाऱ्यांचे काटे रस्त्याकडेला लागले. एका काट्यावर आम्ही घरचं मोजलेलं पोतं ठेवलं तर तीन किलो कमी भरलं. भाव तर बाबांच्या 5,675 रुपयांच्या हमीभावाच्या निम्माही पडत नव्हता. मग सगळ्यांचं मिळून न्यायचं ठरलं. गटातल्या घरांची तूर निवडली, पाखडली, खडे काढले, आणि मालट्रक ठरवून ब्लँटायर शहराला लागून असलेल्या लिंबेच्या डाळ गिरणीत नेली. गिरणीमालक मूळचे गुजरातचे, तीन पिढ्या तिथेच. माझ्याशी हिंदीत बोलू लागले. मी त्यांना विनंती केली, की गटाच्या अध्यक्ष बाईंशी चिचेवात बोला, भाव त्या ठरवतील. ते हसले आणि उत्तम चिचेवात घासाघीस सुरू झाली. मी बाहेर जाऊन काट्याजवळ उभी राहिले, ते माझं काम. गावातल्या भावापेक्षा किलोमागे जास्त मिळालं, गाडीभाडं वजा जाताही. फार नाही. शाळेच्या वह्या, दोन घरांचे पत्रे आणि पुढच्या खताची तजवीज होईल एवढं.

गिरणीतून मी दोन किलो डाळ आणली आणि अंगणात वरण केलं. बायांना ते लहान मुलांच्या पेजेसारखं वाटलं, अख्ख्या नांदोलोचा दातांखाली येणारा दाणाच त्यांना आवडतो. पण ती किती लवकर शिजली हे चौघींनी नोंदवलं. सरपणासाठी त्यांना डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्या 'म्फेरो' या दगडी पाट्यावर तूर भरडायला घेऊन बसल्या. मी माझ्या लातूरच्या आजीकडून ऐकलेली रीत सांगितली, रात्रभर भिजवा, उन्हात कडक वाळवा, मग भरडा. पहिल्यांदा निम्म्याचं पीठ झालं. तिसऱ्यांदा डाळ झाली.

सप्टेंबर 2019 ला मी परतले. लातूरला पोचले तेव्हा रानात तूर कमरेएवढी होती.

मे 2021 मध्ये आयात पुन्हा खुली झाली. जूनमध्ये मलावीशी करार झाला, पाच वर्षं, दरवर्षी 50,000 टन. बाबांनी ती बातमी पेपरात दोनदा वाचली. मी काही बोलले नाही. मग म्हणाले, "तुझं फालोंबे त्याच्यात येतंय का?" ऑगस्टमध्ये त्यांनीच आठवण केली, "तिकडं काय भाव निघाला, इचार की."

मी आगोगोंच्या नातीला आवाजी निरोप पाठवला. उत्तर दोन दिवसांनी आलं, फोन बाजारात जाऊन चार्ज करावा लागतो. तिनं भाव सांगितला, शेळ्या बांधल्यात हे सांगितलं, आणि मग मागून आगोगोंचा आवाज आला. मी बाबांना अर्थ सांगितला : "विचारतात, यंदा तुमच्या बाबांना रांगेत बसावं लागलं का?"

बाबांनी तो निरोप परत लावायला सांगितला. नुसता आवाज ऐकला. मग म्हणाले, "तिकडं 'नाही'ला काय म्हणतेत?"

"अयी."

त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. "अयी," म्हणाले. "अयी, आगोगो."